जित्या माणसांचा पेंटर

अमरेश पेंटरच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस जरा बावचळतो. चारी भिंतींवरून माणसं त्याच्याकडे बघून हसत असतात. कुणी पोट धरून, कुणी पदर तोंडात कोंबून, कुणी तोंडाचं बोळकं उघडं टाकून. मधूनमधून एक मावशी दिसते. नऊवारी नेसलेली, कमरेवर हात ठेवलेली आणि पावडरीखालून दाढीचे खुंट दाखवणारी. ही मावशी म्हणजे तमाशातला पुरुष. गवळणीत ती गोपींना घेऊन मथुरेच्या बाजाराला निघते आणि वाटेत कृष्णापासून गावच्या सरपंचापर्यंत एकेकाची अशी काही खिल्ली उडवते, की ज्याची उडवली तोच आधी टाळी देतो. अमरेशनं या मावशीची किती चित्रं काढली याचा हिशेब त्याच्याकडेच नाही, तर माझ्याकडे कुठून असणार? पण त्यातल्या बऱ्याच चित्रांच्या फ्रेमा माझ्या हातच्या आहेत, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

माझं फ्रेमांचं दुकान शाहूपुरीत, त्याच्या खोलीच्या बरोबर खाली. मी रागीट म्हणून गल्लीत प्रसिद्ध आहे, आणि लोक उगाच म्हणत नाहीत. दोन हजार साल उलटलं आणि गावात फ्लेक्सच्या मशिनी आल्या, तेव्हा तर मी येईल त्याच्याशी भांडत होतो. बघता बघता हातानं बोर्ड रंगवणारे पेंटर घरी बसले. कुणी रिक्षा घेतली, कुणी प्रवासी भरून न्यायला वडापची जीप. चौकाचौकात वाढदिवसवाल्यांची थोबाडं फडकायला लागली. अमरेशचं मात्र केसाएवढंही बिघडलं नाही. मशिनीतून निघतं ते मागायला त्याच्याकडे कुणी येतच नाही. लोक येतात ते घरातला जिता माणूस भिंतीवर लावायला. मध्यंतरी त्याच्या मावश्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा पुण्याच्या एका विद्वानानं त्यावर लेख लिहिला. मी तो नेटानं शेवटपर्यंत वाचला. चित्र कशाचं आहे आणि ते बघून हसू येतं, या दोन गोष्टी सोडून त्यात सगळं होतं.

असा हा माणूस एके काळी फक्त मेलेल्यांची चित्रं काढायचा, असं आता सांगितलं तर लोक मलाच खुळ्यात काढतात.

अमरेश मूळचा गडहिंग्लजचा. घरचं किराणा दुकान. वडील सोमलिंगअप्पा गल्ल्यावर बसायचे आणि मुलानंही तिथंच बसावं म्हणायचे. आई दानम्मा घरात कानडी बोलायची, बाजारात मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. पोराच्या हातात कला आहे हे तिनंच ओळखलं आणि नवऱ्याशी भांडून त्याला कोल्हापूरला पाठवलं. तो चित्रकला शिकला आणि माझ्या डोक्यावरची खोली भाड्यानं घेऊन बसला. मला ‘अण्णा’ म्हणायला लागला. मीही मग अण्णासारखा वागायला लागलो, म्हणजे रोज काहीतरी ऐकवायला लागलो.

आपल्याकडे पोर्ट्रेट म्हणजे गेलेल्या माणसाचं. हयात माणसाचं चित्र भिंतीला लावायचं म्हटलं की घरातल्या म्हाताऱ्या कानांवर हात ठेवतात. त्यामुळे अमरेशकडे यायचे ते सुतकातून उठलेले लोक. हातात रेशन कार्डावरचा नाहीतर लग्नातल्या घोळक्यातून कापलेला नखाएवढा फोटो. ‘आमचे आबा’ म्हणून पुढे करायचे. अमरेश त्यातून नाक, मिशी, फेटा, डोळ्यांखालची सुरकुती असं सगळं हुडकून काढायचा. आणि शेवटी चित्रातच चंदनाचा हार रंगवायचा. खरा हार घातला तर तो धूळ खातो, पाली मागं घरं करतात. हा रंगवलेला हार कायमचा. चंदनाची एकेक पाती अशी सुटी दिसायची, की लोक बोट लावून बघायचे आणि काही जण तर वासही घ्यायचे. तो हार ही त्याची खासियत होती. गिऱ्हाईक हारासाठीच येतं, माणूस त्याच्याबरोबर फुकट मिळतो, असं मी त्याला चिडवायचो.

पंचाण्णव साल असावं. उचगावहून संयोगिता नावाची एक सून आली. तिचे सासरे हंबीरराव म्हणजे गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. तरुणपणी कुस्ती केलेला धिप्पाड माणूस, डोक्याला कायम फेटा, चालताना मिशी आधी पुढं आणि मागून हंबीरराव. त्यांची साठी होती. साठीशांतीच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर चित्रावरचा पडदा ओढायचा, असं सुनेच्या मनात होतं. घरात कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, अशी ताकीदही तिनं दिली. अमरेशला आयुष्यात पहिल्यांदा जित्या माणसाचं काम मिळालं होतं. हुरळला बिचारा. मी त्याला फ्रेम आधीच करून दिली आणि मिरजेला मेहुण्याच्या लग्नाला गेलो. परत येतो तर चित्र फ्रेममध्ये बसवून, कागदात गुंडाळून, उचगावला पोचलंही होतं.

समारंभाचं आमंत्रण आम्हा दोघांनाही होतं. मांडव टाकलेला, भटजी, पाहुणे, दूध संस्थेची सगळी मंडळी, दारात बँड. संयोगितानं बँडवाल्यांना सांगून ठेवलं होतं, पडदा सरकला की वाजवायला लागा. तिनं पडदा ओढला. बँड सुरू झाला. आणि मांडवातले पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले.

हंबीरराव हुबेहूब होते. फेट्याचा पीळ न् पीळ जागेवर होता. आणि गळ्यात, छातीवर रुळणारा, बोट लावून बघावासा वाटणारा, चंदनाचा हार होता.

मी अमरेशकडे बघितलं. तो आपल्याच उजव्या हाताकडे बघत होता. शेवटचा हात फिरवताना सवयीनं तो हात गेला होता आणि हार काढून मोकळा झाला होता. चित्र पुरं झालं की हार, हे त्या हाताला माहीत. माणूस जिता की मेलेला, हे विचारायची त्याला सवयच नव्हती. 

बँड थांबायला तयार नव्हता, कारण दारातून त्यांना सरकलेला पडदा दिसला होता, चित्र नव्हे. एवढ्यात हंबीररावांची आत्या धोंडुबाई काठी टेकत पुढं आली. म्हातारीला ऐकायला येत नव्हतं आणि समारंभ कसला ते कुणी तिला नीट सांगितलं नव्हतं. तिनं चित्र बघितलं, हार बघितला, हात जोडले आणि गळा काढला, ‘अगं माझ्या हंबीरा, माझ्या आदी कसा गेलास रंऽऽ!’ शेजारच्या दोन बायांनीही सवयीनं पदर डोळ्यांना लावले. साठ वर्षांचा हंबीरराव पाटावर बसून स्वतःच्या नावाचं रडणं ऐकत होता.

आम्ही मागच्या दारानं सटकलो. जेवण राहिलं याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं, आता काय लपवायचं.

आठवडा गेला आणि बाळाबाई दुकानात आल्या. हंबीररावांच्या मंडळी. ठेंगण्या, काटक, कपाळाला ठसठशीत कुंकू. बरोबर कागदात गुंडाळलेलं ते चित्र.

‘पेंटर कुठाय?’

अमरेश जिन्यावरून खाली आला, तो जणू फाशीच्या तख्तावर निघाल्यासारखा.

‘मालक हातरुणाला खिळल्यात,’ बाळाबाई म्हणाल्या. ‘अन्न सोडलंय. निस्ती पेज घेत्यात, ती बी दोन घोट. डाक्टर म्हनतोय छातीत काय न्हाय, पोटात काय न्हाय. ह्येंचं एकच चाललंय. म्हनं, माझा सांगावा आला. चित्रात आला, आत्याच्या तोंडनं आला, आता काय ऱ्हायलंय?’ त्यांनी चित्रावरचा कागद टराटरा फाडला. ‘हार तुमी घातलाय. तुमीच काढा.’

अमरेशनं त्याच दिवशी हारावर रंग चढवला. कोट पुन्हा काढला, बटणं काढली. बाळाबाईंनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग म्हणाल्या, ‘हार गेला, बाबा. पण मानूस तसाच की.’

आणि ते खरं होतं. हार नव्हताच त्या चित्राचा दोष. नजर सरळ, ओठ मिटलेले, तोंडावर कायमची शांतता. इतकी वर्षं रोज तसेच चेहरे काढून त्याच्या हाताला दुसरा चेहरा येतच नव्हता. त्यानं डोळे मोठे केले, तर हंबीरराव घाबरल्यासारखे दिसायला लागले. ओठांना हसू लावलं, तर मला माझ्या दुकानात ते चित्र एकट्यानं बघवेना. मेलेला माणूस गप्प असलेला परवडतो.

त्यानंतर अमरेशनं ब्रश धुऊन ठेवले ते ठेवलेच. ‘अण्णा, त्यो माणूस मेला तर मी मारला म्हणून मेला,’ म्हणायचा. ‘मी गडहिंग्लजला जातो. अप्पांच्या गल्ल्यावर बसतो. साखर तोलताना कुणी मरत न्हाय.’ दानम्माला कळलं तशी ती गाडीत बसून आली. दोन्ही भाषांत त्याला फैलावर घेतलं आणि शेवटी मराठीत माझ्याकडे वळली, ‘अण्णा, ह्याला कुटं तर बाहीर काड. हितं बसला तर ह्योच जाईल त्या म्हाताऱ्याच्या आदी.’

माझी बायको शालू, तिचं माहेर गडहिंग्लजच्या अलीकडं. तिथली यात्रा होती. मी अमरेशला जवळजवळ दंडाला धरून एसटीत घातलं. आम्ही पोचलो ते सकाळी, देवळापुढं हजेरी चालू असताना. यात्रेत आदल्या रात्री तमाशा होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडानं देवापुढं येऊन हजेरी द्यायची, अशी रीत आहे. रात्रीचे दिवे नाहीत, पडदे नाहीत. भर उन्हात, धुळीत, जागरणानं तांबारलेल्या डोळ्यांनी कलावंत पुन्हा उभे राहतात. देवाला वाटतं आपली सेवा चालली आहे आणि गावाला वाटतं आपली. दोघेही खूश असतात.

गवळण रंगात आली होती. मावशी केली होती ज्ञानू नावाच्या माणसानं. पन्नाशीचा, दांडगा, मानेवर रात्रीच्या पावडरीचे ओघळ, एक भुवई घामानं पुसून गेलेली, दुसरी शाबूत. पदर सावरत मावशी म्हणाली, ‘चला गं पोरींनो बाजाराला, वाटंत मोठ्या लोकांचं तोंड बगून जाऊ, म्हंजी दूध आपूआप नासतंय, दह्याला इरजन लागत न्हाय.’ लोक फिसकटले. मग मावशी वळली ती थेट समोर खुर्चीत बसलेल्या सरपंचाकडे. जाडजूड माणूस, काळा गॉगल, खिशाला दोन पेनं. मावशीनं त्याची नक्कल सुरू केली, म्हणजे केलं काय, तर फक्त बसून दाखवलं. आधी पोट बसलं. मग ते नीट बसलंय का हे हातानं चाचपून बघितलं. मग उरलेला माणूस बसला. बसल्यावर मान अशी फिरली, की आपल्याला कोण कोण बघतंय. आणि कुणीच बघत नाही असं दिसल्यावर त्या एकाच भुवईखाली जी कसनुशी भीती आली, ती बघून अख्खं गाव लोळायला लागलं. सरपंच सगळ्यांत जास्त. गॉगल काढून डोळे पुसत होता.

मीही हसत होतो. शेजारी अमरेश हसता हसता एकाएकी गप्प झाला. मला वाटलं, उन्हानं काही झालं. त्यानं माझा हात घट्ट धरला.

‘अण्णा, बघा की. ह्याचं नाक त्याच्यासारखं न्हाय. रंग न्हाय. अंगावर लुगडं हाय. एक भुवई तर हायच न्हाय. तरी त्यो सरपंचच हाय. आणि माझ्या चित्रात नाक हंबीररावांचं, मिशी हंबीररावांची, फेटा हंबीररावांचा, आणि हंबीरराव कुठंच न्हाईत. असं कसं?’

 मी पडलो फ्रेमच्या पट्ट्या कापणारा माणूस. तोवर त्यानं माझ्या खिशातली यात्रेची पत्रिका ओढून घेतली होती आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीनं रेघा मारायला लागला होता. भराभर, वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या. त्याला इतकं गबाळं काम करताना मी कधी बघितलं नव्हतं. आणि त्या गबाळ्या रेघांतून मावशी उठून कमरेवर हात ठेवून उभी राहिली, तेव्हा मला खरंच भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या हातातून काहीतरी हलतं उतरलं होतं.

हजेरी संपल्यावर आम्ही मागच्या बाजूला गेलो. ज्ञानू लुगड्यासकट मांडी घालून भाकरी खात होता. अमरेशनं त्याच्यापुढं पत्रिका धरली.

‘ह्ये मी?’ ज्ञानू म्हणाला. ‘झकास. पन मी ह्याच्यापरास देखनी हाय. साऱ्या जिल्ह्यात माझ्यासारकी मावशी न्हाय, कुनालाबी इचारा.’ आम्हाला विचारायची गरज पडली नाही, कारण पुढचा बराच वेळ तेच तो सांगत होता. शेवटी अमरेशनं मधेच तोंड घालून विचारलं, ‘पण सरपंच कसा केलासा?’

‘त्यात काय? मानूस सोताला काय समजतोय, त्ये एक बगायचं. आनि त्येची बायकू त्येला काय समजती, त्ये दुसरं. दोनी एकदम करायचं. लोक हसनार म्हंजी हसनारच.’ मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, ‘पन त्येच्यावर लई राग असला तर न्हाय जमत. मग नुसती शिवी व्हती. मानूस जरा आवडावा लागतोय.’

अमरेशनं त्याला हंबीररावांची सगळी हकिगत सांगितली. ज्ञानू भाकरी हातात तशीच ठेवून ऐकत राहिला, आणि हाराच्या ठिकाणी आल्यावर इतका खदखदला की त्याला ठसका लागला. अमरेशचं तोंड पडलं. ‘हसू नगा, मामा. माणूस मरालाय तिकडं.’

‘मग मला न्या की तिकडं,’ ज्ञानू डोळे पुसत म्हणाला. ‘मरतोय कसा ते मला बगू दे.’

मला हे मुळीच पटलं नव्हतं, आणि मी ते एसटीत सबंध वाटभर बोलून दाखवलं. आजारी माणसाच्या दारात जाऊन त्याच्या मरणाची टिंगल करायची, म्हणजे पैलवानाच्या पोरांकडून हाडं मोडून घ्यायची. पण उचगावात बाळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, अंगणातल्या खाटेवर टेकल्या. मग म्हणाल्या, ‘देव बगून झाले. डाक्टर बगून झाला. आता तमाशा बगू. त्यो तरी का शिल्लक ठेवायचा?’

‘मालक चालत्यात कसं? हाक कशी मारत्यात?’ ज्ञानूनं विचारलं.

बाळाबाई उठल्या, पदर खोचला, आणि मिशीला पीळ देत अंगणात चार पावलं चालून दाखवलं. घसा खाकरला. ‘अगंऽऽ, च्या हाय का न्हाय ह्या घरात?’ आणि चहाची बशी हातात असल्यासारखी धरून, कुणी बघत नाही असं बघून, बशीतला चहा फुर्रकन ओढला. पस्तीस वर्षं रोज बघितलेला माणूस होता तो. ज्ञानूनं दोन्ही हात जोडले. ‘बाई, तुमी फडात या. मी घरी बसतो.’ बाळाबाई लाजून लाल झाल्या. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा थोडा उजेड आला होता.

आतल्या खोलीत हंबीरराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. खिडकी अंगणात उघडत होती. ज्ञानूनं लुगडं नेसून, भुवया कोळशानं काढून, बरोबर त्या खिडकीखाली बसकण मारली आणि गळा काढला.

‘अगं बाई गंऽऽ, माझा हंबीर गेला गंऽऽ! आता म्हशींस्नी शिव्या कोन देनार गंऽऽ! शिवी खाल्ल्याबिगार त्या पान्हा सोडत न्हाईत गंऽऽ!’

शेजारपाजारचे लोक कुंपणाशी जमले. संयोगिता दारात तोंडावर हात ठेवून उभी. मावशी उठली आणि हंबीरराव झाली. बाळाबाईंनी दाखवलेलं सगळं तिनं उचललं होतं, वर आपली भर घातली होती. रुबाबात चालली, फेटा सावरला, आणि चिमणी चिवचिवली तशी दचकून छातीला हात लावून ‘सांगावा आला!’ म्हणाली. कुंपणाशी कुणीतरी फुसकन हसलं. मग मावशी दूध संस्थेचा व्हाइस चेअरमन झाली. तोंड लांब करून, डोळे कोरडेच पुसत, हळूहळू सरकत मोकळ्या खुर्चीपाशी आली. ‘लई मोटा मानूस व्हता. आता अशा मानसाची खुर्ची मोकळी ठेवनं बरं न्हवं. पाप लागतंय.’ आणि एक कुल्ला टेकवून बसली.

आतून आवाज आला. इतक्या दिवसांत कुणी ऐकला नव्हता असा.

‘ए! उट तितनं! मी जिता हाय अजून!’

मावशीनं मान वळवलीसुद्धा नाही. ‘गप ऱ्हा. मेलेली मानसं बोलत न्हाईत. रीत हाय.’

खाट करकरली. हंबीरराव दारात येऊन उभे राहिले. डोक्याला फेटा नाही, अंगात बनियन, दाढी वाढलेली, धोतराचा सोगा लोंबत होता. दाराची चौकट धरून ते मावशीकडे डोळे वटारून बघत होते. अमरेश गोठ्याशी गव्हाणीच्या कडेला बसला होता. पेन्सिल धरलेला त्याचा हात कागदावर चालूच होता. मी मात्र कुंपणाकडे सरकलो. आता मावशीचं टाळकं फुटणार, आणि मग आमची.

मावशी खुर्चीवरून उठली. हंबीररावांकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. लगबगीनं पदर डोक्यावर घेतला आणि बाळाबाईंकडे वळून नव्या नवरीसारखी लाजत म्हणाली, ‘अगं बया! मेल्यावर बरं दिसाय लागलं की गं ह्ये!’

आधी हसल्या त्या बाळाबाई. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्या हसण्याबरोबर बाहेर आलं, डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून हसू. हंबीरराव बायकोकडे बघत राहिले. मग चौकट सोडून त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि ते हसायला लागले. सगळं अंगण हसत होतं. मीसुद्धा, आणि मी फारसा हसत नाही.

त्या दिवशी त्यांनी भाकरी खाल्ली. ज्ञानूला मटणाचं ताट वाढून शेजारी बसवलं आणि ‘व्हाइस चेअरमन पुन्ना करून दाव,’ म्हणून त्याला घास गिळू देईनात. तरी पूर्वीचा माणूस काही परत आला नव्हता. दोन दिवस बरे गेले की एखाद्या संध्याकाळी पुन्हा भिंतीकडे तोंड करायचे. ‘मावशीनं हसिवलं, खरं हाय,’ म्हणायचे, ‘पन त्या पेंटरनं मला बगितलं त्ये तसंच की. त्येच्या डोळ्याला मी मेलेलाच दिसलो.’ बाळाबाईंनी हे येऊन सांगितलं, आणि अमरेश तडक जिना चढला. दार लावून घेतलं आणि कामाला लागला.

चित्र पुरं व्हायला महिना गेला असेल. मी फ्रेम केली आणि आम्ही दोघं ते घेऊन उचगावला गेलो.  ज्या माणसाला अमरेशनं एकदा मारलं होतं, त्याच्यापुढं तो पुन्हा त्याचाच चेहरा घेऊन निघाला होता, आणि हाही फसला तर ब्रशला हात लावायचा नाही असं त्यानं दानम्माच्या पायांवर हात ठेवून ठरवलं होतं.

घराच्या पुढच्या सोप्यात सगळे जमले. मी कागद सोडला.

चित्रात दाराची चौकट होती आणि चौकटीत एक म्हातारा वाकून, गुडघ्यांवर हात टेकून हसत होता. बनियनचा गळा ओघळलेला, टकलावर ऊन, दाढीचे पांढरे खुंट, पडलेल्या दाढेची जागा दिसत होती. रेघा मावशीसारख्याच बेधडक मारलेल्या. पोट जरा जास्तच मोठं, कान जरा जास्तच बाहेर. असा माणूस कुठल्याही फोटोत नव्हता.

संयोगिता पुढं झाली. ‘आवो पेंटर, हे सोप्यात कसं लावायचं? संस्थेची माणसं येतात घरात. मामंजी चेअरमन आहेत. निदान अंगात कोट तरी घाला, डोक्याला फेटा...’

अमरेशचा चेहरा उतरला. ‘घालतो,’ असं तो म्हणणार होता, मला दिसत होतं. हंबीररावांनी हात वर करून सुनेला थांबवलं. ते चित्राच्या जवळ गेले, लांब गेले, पुन्हा जवळ आले.  शेवटी त्यांनी मागं न बघता विचारलं, ‘अगं, ऐकलंस का? तुला वळकू येतोय का ह्यो मानूस?’

बाळाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हात पिठाचे होते.

‘व्हय की,’ त्या म्हणाल्या. ‘ह्येच्यासंगंच माझं लगीन झालतं. चेअरमन मागनं घरात आला.’

 हंबीरराव वळले. एवढा मोठा माणूस एकदम कमी जागा व्यापायला लागला होता.

‘मग इतकी वर्षं बोलली न्हाईस त्ये?’

‘तुमी इचारलासा कुटं?’

हंबीररावांनी मान हलवली. मग अमरेशच्या खांद्यावर आपला पैलवानी हात ठेवला आणि तो ठेवूनच राहिले. अमरेश रडत होता, आणि त्याला ते लपवायचंही भान नव्हतं. संयोगितानं कोटाचा विषय पुन्हा काढला नाही. मी पिशवीतून खिळे काढले आणि बाळाबाईंना विचारलं, कुठं लावू. त्यांनी पिठाच्या हातानं समोरची भिंत दाखवली, चुलीपुढं बसल्यावर दिसेल अशी.